वाटीची वाट

गुडघ्याच्या पुढच्या हाडाला लॅटिनमध्ये 'पटेला' म्हणतात, म्हणजे छोटी थाळी. आपण वाटी म्हणतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच मांडणीवरून भांडं उचलावं, याची विद्यार्थी असताना मला गंमत वाटायची. पुढे शस्त्रक्रियेत पहिल्यांदा ती वाटी उलटी करून पाहिली आणि कळलं, नाव दोघांचंही फसलंय. वाटीत काही ठेवता यायला हवं. या हाडाची आतली बाजू खोलगट नाहीच. मधोमध उभा कणा आणि दोन्हीकडे उतार, कौलारू घराचं आढं आणि त्याची दोन पाखी असावीत तसं. बाहेरच्या अंगाचं पाखं रुंद, आतल्या अंगाचं अरुंद. हे आढं मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला असलेल्या चरातून वरखाली सरकत असतं. बसताना खाली, उठताना वर, दिवसातून हजारो वेळा. चालणाऱ्याला त्याची खबरही नसते. ज्याला खबर लागते तो आमच्याकडे येतो.

हे पुस्तक त्या सरकण्याबद्दल आहे. वाटीची वाट कोणती, ती कोण आखतं, ती वाकडी झाली तर काय होतं, आणि वाकडी न होताही गुडघा का दुखतो, हा त्याचा विषय. लेखिका फिजिओथेरपिस्ट आहेत, मी हाडांचा डॉक्टर. आमच्या दोन जमातींचं गुडघ्यावरून फारसं पटत नाही, तरी त्यांनी प्रस्तावना माझ्याकडे मागितली. 'दोन पानं पुरेत' असं म्हणाल्या होत्या. ती पुरली नाहीत, हा दोष माझा.

आधी वाटीचं काम. मांडीच्या पुढचे चार स्नायू एकत्र येऊन त्यांची एक जाड कंडरा होते, ती वाटीला वरून धरते. वाटीच्या खालच्या टोकापासून दुसरी कंडरा निघते आणि नडगीच्या वरच्या भागात, पुढे हाताला लागणाऱ्या उंचवट्यावर घट्ट बसते. वाटी मध्ये असल्यामुळे हा सगळा दोर सांध्यापासून जरा पुढे उचललेला राहतो. पान्याचा दांडा लांब असला की घट्ट नटही कमी जोरात फिरतो, तसाच हा हिशेब; पाय पूर्ण सरळ करण्याच्या शेवटच्या टप्प्यात वाटीमुळे सुमारे ३० टक्के फायदा मिळतो. तरीही इंग्लंडमधल्या ब्रुक नावाच्या सर्जनने १९३७ साली मांडलं होतं की वाटी काढून टाकली तरी बिघडत नाही, उलट गुडघा चांगला चालतो. त्यानंतर कितीतरी वर्षं मोडलेल्या, झिजलेल्या, नुसत्या दुखणाऱ्याही वाट्या काढून टाकल्या गेल्या. माझ्या उमेदवारीच्या काळात अशी वाटी काढलेले म्हातारे रुग्ण दिसत. जिना चढताना एक हात कठड्यावर आणि दुसरा मांडीवर. वाटी काय करते ते त्यांच्याकडे पाहून पुस्तकापेक्षा लवकर कळायचं.

या फायद्याची किंमत वाटीच्या पाठीमागे मोजावी लागते. सपाट रस्त्यावर चालताना वाटी मांडीच्या हाडावर शरीराच्या वजनाच्या साधारण निम्म्या जोराने दाबली जाते. जिन्यावर हाच दाब वजनाच्या तिपटीहून अधिक होतो, आणि पूर्ण उकिडवं बसताना-उठताना सात-आठ पट. साठ किलोची बाई चुलीपुढून उठते तेव्हा तिच्या एकेका वाटीवर चार-साडेचारशे किलोंचा भार येऊन जातो. एवढ्यासाठीच वाटीमागची कूर्चा शरीरातली सर्वांत जाड कूर्चा आहे. काही ठिकाणी पाच-सहा मिलिमीटर.

आता वाटीचा ओढा बाहेरच्या बाजूला का, हा प्रश्न. उभं राहून स्वतःच्या पायांकडे पाहा. खुबे लांब-लांब आहेत, गुडघे जवळ. म्हणजे मांडीचं हाड वरून खाली येताना आत झुकतं आणि तिथून नडगी जवळजवळ सरळ खाली जाते. मांडीचे स्नायू त्या तिरक्या रेषेत वर ओढतात, खालची कंडरा सरळ खाली ओढते, आणि मध्ये अडकलेली वाटी बाहेर ढकलली जाते. कोपऱ्यावरून वळवलेली दोरी ताणली की कोपरा सोडून सरळ व्हायला बघते, त्यातलाच हा प्रकार. निसर्गाने चराची बाहेरची भिंत उंच ठेवली आहे ती यासाठीच.

हा तिरकसपणा दोष नाही. दोन पायांवर चालायचं तर प्रत्येक पावलाला एक पाय हवेत असतो. दुसरा शरीराच्या मध्याखाली असेल तरच माणूस डुलत नाही. चिंपांझीचं मांडीचं हाड सरळ उतरतं, म्हणून दोन पायांवर तो डुलत चालतो. १९७३ साली डोनाल्ड जोहान्सन यांना इथिओपियातल्या हदार इथे तीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका मानवपूर्वजाचा गुडघा सापडला, मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं. तशाच पूर्वजाचा, 'लूसी'चा, प्रसिद्ध सांगाडा मिळाला तो पुढच्या वर्षी. त्या गुडघ्यातल्या तिरक्या कोनावरूनच ठरलं की हा प्राणी ताठ चालत होता. गंमत पुढेच आहे. हा कोन घेऊन मूल जन्माला येत नाही. चालायला लागल्यावर तो घडतो, आणि काही आजारामुळे जी मुलं कधी चालूच शकत नाहीत त्यांच्या हाडात तो येत नाही.

घराघरांतली एक काळजी इथेच मिटवतो. जन्मलेल्या बाळाचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात. दीड-दोन वर्षांच्या सुमारास ते सरळ होतात, मग उलट्या बाजूला जातात, आणि तीन-साडेतीन वर्षांच्या पोराचे गुडघे एकमेकांवर आपटायला लागतात. सहा-सात वर्षांपर्यंत ते मोठ्या माणसासारखे थोडेसे आत झुकलेले होऊन स्थिरावतात. फिनलंडच्या सालेनियस आणि वांका यांनी १९७५ मध्ये मुलांच्या एक्स-रेंवरून हा प्रवास मांडला, आणि जगभरच्या बालरोगतज्ज्ञांच्या टेबलावर आजही तोच आलेख असतो. मालिश कमी पडली म्हणून, पाळण्यात चुकीचं ठेवलं म्हणून, कडेवर बसवलं म्हणून पाय वाकडे होत नाहीत. एकच पाय वाकडा असेल, वाकडेपणा वयाबरोबर वाढतच असेल किंवा मूल खुरटलेलं असेल तर मात्र डॉक्टर गाठावा.

मोठ्या माणसाचा हा तिरकेपणा मोजायला १९६४ साली स्वीडनच्या ब्राटस्ट्रॉम यांनी एक कोन सुचवला. ओटीपोटाच्या पुढच्या हाडाचं टोक, वाटीचा मध्य आणि नडगीवरचा उंचवटा असे तीन बिंदू घ्यायचे, रेषा जोडायच्या. मांडीच्या स्नायूंच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरावरून त्याला 'क्यू' कोन म्हणतात. पुरुषांत तो साधारण १० ते १५ अंश, बायकांत १५ ते २०. बायकांची ओटी रुंद, म्हणून कोन जास्त, म्हणून त्यांचे गुडघे जास्त दुखतात: इतकं सुटसुटीत स्पष्टीकरण आम्हाला परीक्षेत पाठ होतं आणि त्याला गुणही मिळत. पण या कोनात एक चमत्कारिक खोड आहे. वाटी चरातून जितकी बाहेर सरकलेली, तितका तिचा मध्य बाहेर, आणि तितका हा कोन लहान! रोग वाढतो तसा आकडा सुधारतो. शिवाय रुग्ण उभा आहे की झोपलेला, मांडी ताणलेली की ढिली, पाऊल आत वळलंय की बाहेर, यावर तोच कोन पाच-सात अंशांनी इकडचा तिकडे होतो. दोन डॉक्टरांनी एकच गुडघा मोजला तर दोन उत्तरं. आणि मुख्य म्हणजे मोठा कोन असलेले कितीतरी गुडघे आयुष्यात दुखत नाहीत, लहान कोनाचे दुखतात.

लेखिकेने तिसऱ्या प्रकरणात या कोनाचा तक्ता दिला आहे. तो गाळावा असं मी त्यांना कळवलं होतं; त्यांनी ठेवला. त्यांचं म्हणणं असं की वाचक तो इंटरनेटवर कुठेतरी वाचणारच आहे, तर निदान इथे खबरदारीसह वाचू दे. पटलं नाही, पण मुद्दा आहे.

एक प्रसंग सांगतो. सांगली जिल्ह्यातली एक मुलगी, पंधरा वर्षांची, खो-खो खेळणारी. आई बरोबर, हातात एक्स-रेचं पाकीट आणि पिशवीत तीन वेगवेगळ्या मापांच्या नी-कॅप.

"एक्स-रे नॉर्मल आहे म्हणतात सगळे," आई म्हणाली. "मग दुखतंय काय? सासूबाई म्हणतात, लहानपणी मी मालिश नीट केली नाही म्हणून हिचे पाय असे आत."

मुलीला विचारलं, कुठे दुखतं? तिला एक बोट ठेवता येईना. अख्खा पंजा वाटीवर ठेवून तिने गोल फिरवला. या दुखण्याची ही खूण मला एमआरआयपेक्षा विश्वासाची वाटते. कधी दुखतं? पाटीत उकिडवं बसून खो मिळाल्यावर झटकन उठताना. जिना उतरताना. आणि एसटीत तासभर बसून उतरायची वेळ आली की. इंग्रजी पुस्तकांत या शेवटच्या लक्षणाला थिएटरचं नाव दिलंय, सिनेमाला बसून उठताना कळ येते म्हणून. आपल्याकडे तीन अंकी नाटकांच्या काळात ते नाव चपखल बसलं असतं; आता एसटीच बरी.

"पाय असे कधीपासून?"

"जन्मापासूनच की."

"आणि दुखणं?"

"दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर काय झालं होतं? जिल्ह्याच्या निवडीचं शिबिर. आधी आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव असायचा, शिबिरात रोज सकाळ-संध्याकाळ. जो पाय पंधरा वर्षं असाच होता तो अचानक दोषी ठरला, आणि जो सराव तीन आठवड्यांत चौपट झाला त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

माझ्या खोलीत आईच्या स्वयंपाकघरातले दोन लाकडी पाट आहेत. एकावर एक ठेवले की वीतभराला जराशी कमी उंची होते. मुलीला त्यावर एका पायावर उभं केलं आणि सांगितलं, दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला लाव आणि परत वर ये. समोरून तिच्याच आईच्या फोनवर व्हिडिओ घेतला. पहिल्या दोन वेळा ठीक. तिसऱ्यांदा कंबर एका बाजूला कलली, मांडी आत वळली आणि गुडघा पावलाच्या अंगठ्याच्याही आत गेला. मुलीने तो पाहिला आणि म्हणाली, "अय्या, हा आत कशाला पळतोय?"

हाच प्रश्न २००३ मध्ये क्रिस्टोफर पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआयच्या नळकांड्यात सोडवायला घेतला होता. तोवर समज असा की मांडीचं हाड स्थिर आणि वाटी त्याच्यावरून बाहेर घसरते. पाय हवेत ठेवून वाकवला-सरळ केला तर साधारण तसंच दिसतं. पण पायावर वजन टाकून पाहिलं तेव्हा वाटी जवळजवळ जागच्या जागी, आणि तिच्याखालचं मांडीचं हाडच आत फिरताना दिसलं. लोकल रुळावरून घसरली नाही, रूळच तिच्याखालून सरकला. मांडीला आत फिरण्यापासून आवरणारे स्नायू खुब्याच्या मागे आणि बाजूला असतात. म्हणजे दुखणं गुडघ्याचं आणि सैलपणा बैठकीत! या एका कल्पनेने माझ्या पिढीच्या कितीतरी डॉक्टरांचं पाहणं बदललं. त्याआधी सगळा भर मांडीच्या आतल्या बाजूच्या एका थेंबासारख्या स्नायूवर असायचा. तो एकटा वेगळा काढून बळकट करायचे व्यायाम आम्ही इमानदारीने लिहून द्यायचो. तो एकटा कधी बळकट होत नाही, चारही भाऊ मिळूनच काम करतात, हे आता माहीत आहे.

मुलीचा सराव बंद केला नाही. शिबिराआधीच्या मापावर आणला, पाटीतलं उकिडवं बसणं काही आठवडे कमी केलं, आणि लेखिकेने सातव्या प्रकरणात दिलेत त्याच जातीचे व्यायाम दिले: खुब्याचे आणि मांडीचे, दोन्ही. अट एकच, व्यायाम करताना दुखणं दहापैकी दोन-तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतकंच असायला हवं. साडेतीन महिन्यांनी ती पूर्ण खेळत होती. मी पुन्हा पाटावर चढवून व्हिडिओ घेतला. गुडघा अजूनही आत जात होता! पहिल्यापेक्षा थोडा कमी, पण जात होताच. दुखत मात्र नव्हता. असं वारंवार दिसतं: स्नायू बळकट होतात, दुखणं जातं, आणि चालण्याचा कोन जवळजवळ तिथेच राहतो. वाट सरळ झाली म्हणून गुडघा बरा झाला, असं छातीठोक म्हणायची सोय या व्हिडिओने मला ठेवली नाही.

मग दुखतं नेमकं काय? कूर्चा झिजली म्हणून दुखतं, हे उत्तर रुग्णांना सगळ्यांत लवकर दिलं जातं आणि त्यातच सगळ्यांत मोठी अडचण आहे, कारण कूर्चेत नसा नसतात. सॅन फ्रान्सिस्कोचे स्कॉट डाय यांनी याची शहानिशा स्वतःच्या गुडघ्यांवर केली. दुर्बीण घालायच्या छिद्रांपुरती कातडी बधिर करून घेतली, सांध्याच्या आत काहीही नाही, आणि सहकाऱ्याला सांगितलं, सळईने एकेक भाग दाब. स्वतः जागे राहून ते काय जाणवतं ते सांगत गेले. १९९८ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. वाटीखालच्या चरबीच्या गादीला आणि सांध्याच्या अस्तराला सळई लागली की जीव जाईल अशी कळ. वाटीच्या कूर्चेवर टेकवली, तेव्हा काही नाही. त्यांच्या एका वाटीची कूर्चा चांगलीच मऊ पडलेली होती आणि तिथेही काही नाही. तेव्हा एमआरआयच्या कागदावर 'कॉन्ड्रोमलेशिया' (कूर्चा मऊ पडणं) हा शब्द वाचून ज्यांची झोप उडाली आहे, त्यांनी हे पान दुमडून ठेवावं. डाय यांचं म्हणणं असं की प्रत्येक गुडघ्याला पेलेल एवढ्या कामाची एक हद्द असते. हद्दीत राहिलं तर वाकडा गुडघाही गप्प बसतो, आणि ओलांडली की सरळही ओरडतो. हद्द वाढवता येते, पण हळूहळू. वाकडेपणामुळे काही गुडघ्यांची हद्द मुळातच आखूड असते, एवढीच या दुखण्यात त्याची जागा, असं मला आता वाटतं.

आता वाटतं, असं म्हणालो ते मुद्दाम. सत्तरच्या दशकात फ्रान्सच्या पॉल फिका यांनी मांडलं की वाटीच्या बाहेरची पट्टी आखडलेली असते, त्यामुळे वाटी कलते आणि बाहेरचं पाखं दाबलं जातं. टेबलाचा खण एका बाजूने ओढला की तिरका होऊन अडकतो, तसं. निरीक्षण चांगलं होतं. त्यावरून उपाय निघाला तो मात्र फार सोपा निघाला: दुर्बिणीतून ती पट्टी कापून टाकायची. वीस मिनिटांचं काम, एक टाका. मी शिकलो त्या काळात जी दुखेल त्या वाटीची पट्टी कापली जायची, आणि मीही कापल्या. एक बाई दोन वर्षांनी परत आली. म्हणाली, "डॉक्टर, आधी दुखत होतं, आता सटकतं." वाटी आतल्या बाजूला सटकत होती. जॅक ह्यूस्टन या अमेरिकन सर्जनने १९८८ सालीच या उलट्या सटकण्याचा इशारा दिला होता. तो मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवल्यावर वाचला. बाहेरची पट्टी ही वाटीला दोन्हीकडून धरणाऱ्या लगामांपैकी एक होती. ती गरजेविना कापून मी एक लगाम काढून टाकला होता.

तिचा 'सटकतं' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. दुखणारी वाटी आणि निसटणारी वाटी ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि या विषयावरच्या बहुतेक लिखाणात त्यांना एकाच बाकावर बसवलेलं असतं. पहिलीच्या बाबतीत कोन आणि मापं यांचं महत्त्व मी आतापर्यंत कमी करत आलो. दुसरीच्या बाबतीत ते करता येत नाही.

वाटी निसटते ती बहुधा किशोरवयात. पाऊल जमिनीवर रोवलेलं, अंग वळतं, गुडघा थोडा वाकलेला, आणि वाटी बाहेरच्या भिंतीवरून उडी मारून पलीकडे जाते. मुलगा खाली कोसळतो. घाबरून पाय सरळ करताच ती आपोआप जागेवर येते, म्हणून दवाखान्यात पोचेपर्यंत पाहायला उरते ती फक्त सूज. आतल्या बाजूने वाटीला मांडीच्या हाडाशी बांधणारा एक पातळसा अस्थिबंध या वेळी जवळजवळ नेहमीच फाटतो. पाय सरळ असल्यापासून तीसेक अंश वाकेपर्यंत वाटी चरात नीट बसलेली नसते, आणि तेवढ्या टप्प्यात बाहेर जाऊ पाहणाऱ्या वाटीला रोखणारा मुख्य दोर हाच असतो. हल्ली तो नवीन कंडरा वापरून पुन्हा बांधता येतो.

पण सगळ्यांचीच वाटी अशा वळण्याने निसटत नाही. ज्यांची निसटते त्यांच्यात काय वेगळं असतं, हे फ्रान्समधल्या लियाँच्या मंडळींनी लावून धरलं. आँरी देजूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या निबंधात चार गोष्टी मांडल्या. चर उथळ किंवा सपाटच असणं. वाटी फार उंचावर असणं. खालच्या कंडरेची लांबी वाटीच्या लांबीच्या १.२ पटीहून जास्त असली की ती उंच म्हणायची, हे माप मात्र अमेरिकेच्या इन्सॉल आणि साल्वाटी यांचं, १९७१ चं. नडगीवरचा उंचवटा चराच्या मध्यापासून बाहेर २० मिलिमीटरहून जास्त लांब असणं. आणि वाटी कललेली असणं. उंच वाटीची अडचण समजायला सोपी आहे: पाय वाकला तरी ती चरात उशिरा शिरते, तोवर उघड्यावरच फिरत असते. अशा माणसाला खुर्चीवर बसवून पाय सावकाश सरळ करायला सांगा. शेवटच्या काही अंशांत वाटी सरळ वर न जाता एकदम बाहेर हुकासारखी वळते. एकदा पाहिलं की विसरत नाही. इथे खुब्याचे व्यायाम हवेतच, पण ते चर खोल करू शकत नाहीत.

उंचवट्याची जागा बदलायच्या शस्त्रक्रियेचीही एक शिकवणारी गोष्ट आहे. हाउसर यांनी १९३८ साली तो उंचवटा आत आणि खाली सरकवायला सुरुवात केली. वाट्या निसटायच्या थांबल्या, सगळे खूश. पण नडगीची आतली बाजू मागे उतरती असते. उंचवटा आत नेताना नकळत मागेही गेला, दोर हाडाच्या जवळ आला आणि वाटी चरावर जास्त दाबली जाऊ लागली. काही वर्षांनी ते गुडघे झिजून परत आले. १९८३ मध्ये फुल्कर्सन यांनी हाड तिरकं कापायची युक्ती मांडली, म्हणजे उंचवटा आत जाताना मागे न जाता पुढे येतो. एका करवतीच्या कोनात पंचेचाळीस वर्षं गेली.

हाडांच्या पिळाबद्दल पुस्तकात सविस्तर आहे, मी एवढंच सांगतो. मांडीचं हाड जन्मतः ३० ते ४० अंश पिळलेलं असतं, मोठेपणी पंधराच्या आसपास उरतं. काहींचा पीळ उतरत नाही. ही मुलं लहानपणी दोन्ही पाय मागे दोन बाजूंना टाकून आरामात बसतात आणि आई ओरडत असते. पुढे नडगी उलट्या बाजूला पिळते, पावलं सरळ दिसायला लागतात, आणि गोष्ट झाकली जाते. अशा माणसाला पावलं जुळवून उभं करा: दोन्ही वाट्या एकमेकींकडे तिरळ्या बघतात. म्हणूनच खुब्यापासून घोट्यापर्यंतचा उभा एक्स-रे काढताना पावलं नव्हे, वाट्या समोर ठेवायच्या असतात. गवंडी ओळंबा सोडतो तशी खुब्याच्या मध्यातून घोट्याच्या मध्यात रेषा सोडायची आणि ती गुडघ्यात कुठून जाते ते पाहायचं. पावलं विठोबासारखी जुळवून काढलेल्या एक्स-रेवर ही रेषा खोटं बोलते, आणि असे एक्स-रे मला आठवड्याला दोन-चार तरी येतात.

आणि काही वाकडेपणा असा असतो की त्याला व्यायामही नको, करवतही पुरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी १९७३ साली 'लॅन्सेट'मध्ये नलगोंडा भागातल्या तरुण पोरांबद्दल लिहिलं. त्यांचे गुडघे आत इतके झुकले होते की चालताना एकमेकांत अडकत. कारण पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतल्या बोअरवेलच्या पाण्यातही ते जास्त असल्याच्या नोंदी आहेत. लिटरला १ मिलिग्रॅम ही अपेक्षित मर्यादा, दुसरं पाणीच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यायचं. विदर्भातल्या एखाद्या गावातून असे गुडघे घेऊन पोरगा आला तर पहिला प्रश्न पायाचा नाही, तुम्ही पाणी कुठलं पिता हा आहे. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत यावर एक प्रकरण हवं, अशी माझी लेखिकेकडे मागणी आहे.

पट्ट्या, नी-कॅप, बुटातले उंचवटे यांवरचं प्रकरण मला सगळ्यांत आवडलं, कारण त्यात उत्साह कमी आणि हिशेब जास्त आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेनी मॅकॉनेल यांनी १९८६ साली चिकटपट्टीने वाटी आत ओढायची पद्धत मांडली. पट्टी लावताच दुखणं कमी होतं, हे खरं. वाटी मात्र फारशी हलत नाही. तरी त्या आठवड्यात व्यायाम करणं शक्य होत असेल तर लावावी, असं लेखिका म्हणतात. मीही म्हणतो. गुडघ्यातून येणाऱ्या कटकट आवाजाबद्दल त्यांनी अर्धंच पान दिलंय. तेवढंच पुरे, नुसता आवाज येतो, दुखत नाही, त्याचं काही करायचं नसतं.

खो-खोवाल्या मुलीच्या त्या शेवटच्या भेटीत मी फोन परत दिला आणि कागद लिहायला घेतला. मान वर केली तर आई चप्पल काढून पाटांपाशी उभी. पदर कमरेला खोचलेला.

"दोन वर्षं झाली, जिना उतरताना मलापण तसंच होतंय," ती म्हणाली. "कुठला पाय आधी ठेवू?"